छिन्नमनस्कतेवरील औषधे : स्त्री आणि पुरुष

छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया या विकारात रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, खोट्या समजुती मनात घट्ट रुजतात आणि विचारांची संगती तुटते. पॅरिसमधील सेंत-आन रुग्णालयात झां दले व प्येर देनिकेर यांनी १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध योजिले, तेव्हापासून या विकारावर परिणामकारक औषधे मिळू लागली. मात्र ती कोणाला किती द्यावीत, हे पुष्कळ काळ एकाच मापाने ठरत असे, आणि ते माप बहुधा पुरुषाचे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर १९७७ मध्ये अपत्यक्षम वयाच्या स्त्रियांना नव्या औषधांच्या प्रारंभीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता; परंतु ज्यांना औषध घ्यावयाचे, त्यांच्याच शरीराची माहिती त्यामुळे अपुरी राहिली. ही सूचना १९९३ मध्ये मागे घेण्यात आली.

वस्तुतः भेद रोगाच्या प्रारंभापासूनच दिसतो. पुरुषांत हा विकार बहुधा विशीच्या आसपास प्रकट होतो. स्त्रियांत तो काही वर्षे उशिरा येतो आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास त्यांच्यात त्याचे प्रमाण पुन्हा थोडे वाढते. इस्ट्रोजेन हे हॉर्मोन मेंदूतील डोपामीनाच्या कार्यावर काहीसा अंकुश ठेवते, असे यावरून मानले जाते. ही औषधेही मुख्यतः डोपामीनाचेच कार्य रोखतात. म्हणून तरुण स्त्रीला पुष्कळदा कमी मात्रा पुरते. रजोनिवृत्तीनंतर मात्र तीच मात्रा अपुरी पडू शकते.

दुसरे कारण यकृतात आहे. क्लोझापीन व ओलान्झापीन यांचे विघटन प्रामुख्याने ज्या एंझाइमामुळे होते, ते स्त्रियांत सामान्यतः मंद असते. त्यामुळे सारख्याच गोळ्या घेऊनही स्त्रीच्या रक्तात औषध अधिक साठते. धूम्रपानाने हेच एंझाइम चेतविले जाते (हा प्रताप निकोटिनाचा नसून धुरातील इतर द्रव्यांचा आहे), म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला मात्रा अधिक लागते. त्याने धूम्रपान एकाएकी सोडले, तर तीच मात्रा जड होऊ शकते.

औषधांचे उपद्रवही सारखे नाहीत. स्नायूंना अकस्मात पीळ पडणे हे तरुण पुरुषांत अधिक आढळते. उलट रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी रक्तातील प्रोलॅक्टिन वाढते, ते स्त्रियांत विशेष. मग पाळी थांबते, प्रसूती झालेली नसतानाही स्तनांतून दूध येते, आणि ही स्थिती दीर्घकाळ राहिल्यास हाडे ठिसूळ होतात. या तक्रारी संकोचामुळे अनेकदा डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. पुढे औषध बदलल्यावर पाळी पूर्ववत होते आणि गर्भधारणेची शक्यताही परतते. हे आधी सांगितलेले नसेल, तर कुटुंबावर अनपेक्षित प्रसंग ओढवतो.

मेलबर्न येथे जयश्री कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०२ स्त्रियांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधाबरोबर २८ दिवस इस्ट्रोजेनाची चिकटपट्टी लावलेल्या स्त्रियांची लक्षणे इतरांपेक्षा अधिक उतरली. परंतु इस्ट्रोजेन एकटेच दीर्घकाळ दिल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून रॅलॉक्सिफीन या पर्यायी औषधाचीही परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष मात्र परस्परांशी जुळलेले नाहीत.