एस्पोसितोंचा मूळपुरुष कोण?

इटलीत सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत रोस्सी, रुस्सो, फेरारी यांच्या पंक्तीला एस्पोसितो बसतं. मात्र ही मंडळी देशभर सारखी विखुरलेली नाहीत. नेपल्स आणि भोवतालचा काम्पानिया प्रांत हेच त्यांचं माहेरघर. मार्गारीता पिझ्झाचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो राफाएले एस्पोसितोही नेपल्सचाच.

आनुवंशशास्त्रज्ञांना आडनावांचं भारी वेड. आडनाव बापाकडून मुलाकडे येतं, वाय गुणसूत्रही तसंच. त्यामुळे एकाचा माग काढताना दुसऱ्याचा पत्ता लागतो.

एस्पोसितोपाशी मात्र हा हिशेब चुकतो. नेपल्समधल्या अनुन्झियाता या टाकलेल्या मुलांच्या संस्थेच्या भिंतीत एक लाकडी फिरतं पिंप होतं. बाहेरून कुणी त्यात तान्हं मूल ठेवायचं, पिंप फिरवायचं आणि निघून जायचं. आतली बाई मूल उचलून घ्यायची. ठेवणाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही. मग वहीत नोंद व्हायची, आणि आडनावाच्या जागी एस्पोसितो, म्हणजे ‘उघड्यावर ठेवलेला’. नेपल्सचे लोक या पोरांना ‘मादोन्नाची लेकरं’ म्हणत. ते नाव गोड, पण कागदावरचं जन्मभर बोचणारं.

फ्लॉरेन्समध्ये १४४५ साली अशाच मुलांसाठी सुरू झालेल्या संस्थेनं इन्नोचेंती हे आडनाव दिलं. मिलानच्या अनाथालयाच्या चिन्हात कबुतर होतं, म्हणून तिथली कित्येक मुलं कोलोम्बो झाली. फ्लॉरेन्समध्ये काही आया बाळाच्या कपड्यांत अर्धं नाणं किंवा तोडलेलं पदक ठेवून जात. उरलेला अर्धा तुकडा त्यांच्याजवळ राही, पुढेमागे मूल परत नेता आलं तर ओळख पटावी म्हणून. वाय गुणसूत्राच्या चाचणीपूर्वीची ही वंशओळख म्हणायची!

एकाच पूर्वजापासून निघालेलं आडनाव नाजूक असतं. एखाद्या पिढीत मुलगेच झाले नाहीत, की ते संपलं. संशोधक गॅल्टन आणि गणितज्ञ वॉटसन यांनी १८७४ मध्ये हे गणितानं मांडलं. एस्पोसितोला ही भीती नव्हती, कारण पिंप फिरेल तसा नवा मूळपुरुष जन्माला येत होता. म्हणून आज शेजारी राहणाऱ्या दोन एस्पोसितोंचं रक्ताचं नातं असेलच असं नाही, बहुधा नसतंच.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपल्सचा राजा म्युरा यानं टाकलेल्या मुलांना हे आडनाव द्यायला बंदी घातली. १८७५ मध्ये ते पिंपही बंद झालं. तोवर एस्पोसितोंची घराणी इतकी फोफावली होती, की फर्मानाला विचारतो कोण! आणि २०२२ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयानं बाळाला आई-बाप दोघांचीही आडनावं द्यावीत, असा निकाल दिल्यानं वाय गुणसूत्राशी असलेली जुनी जोडी आता इतर आडनावांचीही सैल होईल.