एकाच वाफेकडून चार वेळा काम

किल्लारी म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आज मात्र आपण तिथल्या उसाबद्दल बोलणार आहोत. इथला शेतकरी सहकारी साखर कारखाना अनेक वर्षं बंद राहून पुन्हा सुरू झाला. असा कारखाना टिकायचा तर पैसा कुठे वाचेल? आमच्या मते पहिली जागा वाफ.

गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. काहिलीतला रस उकळतो, वाफ सरळ आभाळात जाते. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला ७० किलोकॅलरी लागतात. त्याची वाफ करायला मात्र आणखी ५४०. म्हणजे जळणाचा मोठा वाटा आपण हवेत सोडतो.

कारखान्यात चिपाड जाळून वाफ करतात. ती आधी टर्बाइन फिरवते. तिथून बाहेर पडलेली वाफ दमलेली वाटते, पण तिच्यातली बरीचशी उष्णता शिल्लक असते. ती रसाच्या पहिल्या भांड्याला देतात. त्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला, मग तिसऱ्याला, चौथ्याला. आता तुम्ही विचाराल, गार होत चाललेल्या वाफेवर रस उकळेल कसा? पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी केलेला असतो. शेवटच्या भांड्यात तर रस ६० अंशांच्या आसपासच उकळतो. चार भांडी असली की एक किलो वाफेवर जवळजवळ चार किलो पाणी उडतं. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियनं या युक्तीचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं. गुलामगिरीच्या काळात, कृष्णवर्णीय आईच्या मुलानं, हेही लक्षात ठेवू या.

जुन्या पद्धतीत १०० किलो उसाला साधारण ५० किलो वाफ लागते. मधल्या भांड्यांतली वाफ रस तापवायला आणि साखरेच्या पॅनकडे वळवली, तर ४० किलोंत भागतं. रोज १,२५० टन गाळप धरा: १२५ टन वाफ वाचली. एक किलो चिपाडाची सव्वादोन किलोंच्या आसपास वाफ होते, तेव्हा रोज ५५ टन चिपाड शिल्लक! ते विका, नाहीतर त्याची वीज करा; उसाचं बिल द्यायला तेवढाच हातभार.

आणि पाणी? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या रेल्वेगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. उसात ७० टक्के पाणीच असतं; १,२५० टन उसात पावणेनऊ लाख लिटर. काही चिपाडात अडकतं, पण बरंचसं वाफ होऊन निघतं. ती थंड झाली की पाणी हाती येतं. ते पिण्याचं नव्हे, पण चिपाडातली उरलेली साखर धुवायला गरम गरम चालतं. पहिल्या भांड्याबाहेरचं पाणी सगळ्यात शुद्ध, ते परत बॉयलरला. फक्त त्यात साखर उतरली नाही ना, हे सतत तपासावं लागतं, कारण साखर बॉयलरच्या नळ्या खराब करते.

मोठा नवा बॉयलर नंतर घ्या. आधी उघड्या पाइपांवर आवरण घाला आणि गळणारे वाफेचे ट्रॅप बदला. हे काम गाळप थांबल्यावर, उन्हाळ्यात होतं.