उपचार घरापर्यंत

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे बालकांमधील मेंदूचा पक्षाघात, हा मेंदूच्या वाढीच्या काळात झालेल्या इजेचा परिणाम होय. ही इजा भरून येत नाही, तशी ती वाढतही नाही. परंतु ताठर स्नायू आखडत गेले की सांधे वाकडे होतात. हे पुष्कळ अंशी टाळता येते. मात्र त्यासाठी रोजची काळजी हवी, आणि मजुरी बुडवून आईने मुलाला दूरच्या शहरात रोज कसे न्यावे?

तमिळनाडूतील आयकुडी येथे १९८१ साली स्थापन झालेल्या अमर सेवा संगम या संस्थेने उपचारच घरी नेण्याचा मार्ग पत्करला. स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्ती घरी येते. तिच्या पाठीशी तज्ज्ञ असतात.

मुलाच्या मांड्या एकमेकींवर आवळल्या जात असतील, तर त्याला पाय फाकवून कडेवर घ्यावे. भरवताना आडवे न ठेवता बसवावे, म्हणजे घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. अशा गोष्टी नुसत्या सांगून भागत नाही, करून दाखवाव्या लागतात. कार्यकर्ती येते ती घटकाभर. मुलाला दिवसभर उचलते, भरवते, निजवते ती आई. म्हणून वडिलांनी व आजीनेही हे शिकून घेणे अगत्याचे आहे. एरव्ही सारा भार तिच्या एकटीवरच पडतो.