सरकारला जाब विचारण्याची शाळा

४ मार्च १९१२ रोजी कलकत्त्याला, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले ठराव मांडायला उभे राहिले. मजुरांना पाच वर्षांच्या करारात बांधून साता समुद्रापलीकडच्या वसाहतींत पाठवण्याची जी पद्धत होती, लोक जिला गिरमिट म्हणत, ती मुळापासून बंद करावी अशी त्यांची मागणी होती. हिंदी सभासद त्यांच्या पाठीशी उभे राहिले, पण मंडळात बहुमत सरकारी सभासदांचे होते. ठराव पडला. पंधरा दिवसांनी, १९ मार्चला, त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याची सूचनाही १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली.

एकाच महिन्यातले हे दोन पराभव. पहिल्याचे पुढे काय झाले ते पाहा. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी गिरमिट बंदीचा ठराव पुन्हा आणला आणि लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने तो तत्त्वतः मान्य केला. १९१७ मध्ये भरती थांबली, १ जानेवारी १९२० पासून उरलेसुरले करारही संपले. गोखले तोवर हयात नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ ला, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते पुण्यात वारले. पण सभागृहात पडलेल्या ठरावातले आकडे आणि युक्तिवाद पुढच्यांच्या हाती तयार होते, आणि ते सांभाळणारी माणसेही त्यांनी पुण्यात तयार करून ठेवली होती. ज्या संस्थेत ती घडली, तिचा हा परिचय आहे.

सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, मराठीत भारत सेवक समाज. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन कॉलेजमागच्या टेकडीवर गोखल्यांनी आधी स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर या तिघांना दिली. शपथा सात होत्या. देश आधी, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, संस्था देईल त्यात कुटुंब चालवायचे, जातिधर्माचा भेद न करता सगळ्या देशबांधवांना भाऊ मानायचे, कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. हे सगळे संन्याशाच्या व्रतासारखे वाटते. पण व्रत घेतल्यावर करायचे काय, तर अभ्यास. नव्या सभासदाची पहिली पाच वर्षे उमेदवारीची असत. पुण्यात राहून अर्थशास्त्र, कायदा, सरकारी अहवाल वाचायचे, देशभर हिंडून पाहायचे आणि तोवर जाहीर भाषणबाजीपासून लांब राहायचे. देशभक्तीच्या भरात सुचेल ते बोलून टाकणाऱ्यांचा तो काळ. गोखल्यांचा आग्रह मात्र असा, की सरकारवर बोट ठेवायचे तर ते अहवालाच्या नेमक्या पानावर ठेवता आले पाहिजे.

हा आग्रह पुण्याच्याच मातीतला. १८७६-७७ च्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने चालणाऱ्या सार्वजनिक सभेने गावोगावच्या आपल्या माणसांकडून माहिती मागवली आणि अर्जांमागून अर्ज सरकारकडे धाडले. कायदेमंडळात तेव्हा या मजुरांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. मजुरांनी कमी मजुरीची कामे सोडली, आणि त्यांच्या बाजूचा हिशेब सभेने कागदावर आणला. उपाशी माणसाला सरकारने किती द्यावे, हा प्रश्न दयेचा न ठेवता हिशेबाचा करायचा, हे पुण्याने तेव्हा शिकून घेतले. पुढे सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना गोखले रानड्यांच्या हाताखाली याच तालमीत तयार झाले.

आणखी एक नाव इथे घ्यायलाच हवे, कारण ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे हेडमास्तर, सोलापूरचे. अंदाजपत्रकाच्या आकड्यांत त्यांची नजर अशी चाले, की गोखले भाषणाआधी त्यांना पत्रांमागून पत्रे लिहीत: मिठावरच्या कराचे उत्पन्न किती, लष्कराचा खर्च किती वाढला, शिलकीचे कारण काय. २६ मार्च १९०२ चे गोखल्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण गाजले. सरकार शिल्लक दाखवते आहे याचा अर्थ रयत सुखी आहे असा नाही, कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडले. मिठाचा कर मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. एकट्या गोखल्यांमुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दर वर्षी तेच मागणे, नव्या आकड्यांसह, त्याच सभागृहात मांडणारे ते होते.

आणि ते सभागृह तरी कसे? १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे; प्रश्न विचारता येई, पण उत्तर अपुरे मिळाले तर उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी दोन दारे किलकिली केली. ठराव मांडून मतदान मागता येऊ लागले, आणि ज्याने प्रश्न विचारला त्याला उपप्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. नवे कायदेमंडळ भरून जेमतेम महिना होतो न होतो तोच, २५ फेब्रुवारी १९१० ला, गोखल्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीकडे मजूर पाठवणे थांबवावे असा ठराव मांडला, आणि सरकारने तो स्वीकारला. १ जुलै १९११ पासून नाताळला मजूर जाणे बंद झाले.

नाताळच का? तिथे करार संपवून मोकळ्या झालेल्या हिंदी माणसाला दर वर्षी तीन पौंड, म्हणजे साठ शिलिंग, कर भरावा लागे. करारातल्या पहिल्या वर्षाची मजुरी होती महिन्याला दहा शिलिंग. कर बायकांवरही होता, सोळा वर्षांच्या मुलांवर आणि तेरा वर्षांच्या मुलींवरही. म्हणजे पुन्हा करारात अडका किंवा गाशा गुंडाळा. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, नागरिक नको होते. १९१२ च्या ठरावात गोखल्यांनी हेच सूत्र सगळ्या वसाहतींना लावले. आपण कुठे, किती लांब, कोणत्या कायद्याखाली जातो आहोत हे ज्याला कळत नाही, त्याच्याकडून अंगठा घेतला जातो. कामावर गैरहजर राहिला तर त्याला तुरुंग मिळतो. त्याच्या रक्षणासाठी नेमलेला अधिकारी मळेवाल्यांच्याच वर्तुळात वावरतो. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका एवढेच प्रमाण राखल्यामुळे संसारांचे धिंडवडे निघतात. आत्महत्यांचे आकडेही त्यांनी वसाहतींच्या अहवालांतूनच काढून वाचून दाखवले. परके कोणी नव्हे, सरकारच सरकारच्या विरोधात साक्ष देत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रकृती ढासळलेली असताना ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तिथल्या मंत्र्यांपुढे बसून तीन पौंडांच्या कराचा विषय काढला. गांधीजींच्या १९१३ च्या सत्याग्रहानंतर १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.

गोखल्यांनंतर संस्था थांबली नाही. श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले, पुढे दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून १९२७ मध्ये गेले. हृदयनाथ कुंझरू केंद्रीय विधिमंडळात आणि स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत परदेशी भारतीयांचा प्रश्न धरून राहिले. १९४६ मध्ये मलायातल्या मजुरांची स्थिती पाहायला जे शिष्टमंडळ गेले, त्यात ते आणि संस्थेचेच कोदंडराव होते. १९१८ ते १९३९ पुण्यातून निघालेल्या संस्थेच्या इंग्रजी साप्ताहिकात या विषयांची चर्चा चालत राहिली.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९०९ मध्ये संस्थेत आले, मुंबईच्या गिरणगावात काम उभे केले आणि १९२१ पासून १९४७ पर्यंत केंद्रीय विधानसभेत मजुरांचे प्रतिनिधी म्हणून बसले. तेही नियुक्त, म्हणजे मतांचे बळ शून्य. १९२१ मध्ये त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव मांडला, कायदा झाला १९२६ मध्ये. १९२४ मध्ये गिरणीतल्या बाळंतिणींना रजा आणि पगार देणारे विधेयक आणले, ते पडले. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये असा कायदा केला, देशातला पहिला. आज नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते, तिच्या मुळाशी पडलेले एक विधेयक आहे.

या सगळ्या खटपटीचा एक ठोस परिणाम कायद्याच्या पुस्तकात दिसतो. १९२२ च्या स्थलांतर कायद्याने अशी तरतूद केली, की अकुशल मजुरांना कोणत्या देशात, कोणत्या अटींवर पाठवायचे याचा मसुदा सरकारने आधी कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा, त्यांनी ठरावाने मान्य केल्याशिवाय तो लागू होऊ नये. परकी सरकार, अर्धवट अधिकारांचे सभागृह, आणि तरी माणसे बोटीत चढण्याआधी प्रतिनिधींची संमती लागे. दहा वर्षांपूर्वी पडलेल्या ठरावाचे वजन एवढे निघाले.

आता अलीकडची तारीख. १४ सप्टेंबर २०२०. टाळेबंदीत शहरे सोडून चालत गेलेल्या मजुरांपैकी किती वाटेत मेले, असा प्रश्न लोकसभेत विचारला गेला. एक कोटी चार लाखांहून जास्त मजूर गावी परतले, हे सरकारने सांगितले. मृत्यूंची नोंद मात्र ठेवलेली नाही, असे लेखी उत्तर आले. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, फक्त लेखी उत्तरे मिळत होती. नोंद का ठेवली नाही, असा उपप्रश्न मंत्र्यांना समोरासमोर विचारायला जागाच उरली नव्हती. जो हक्क १९०९ मध्ये साम्राज्याच्या सरकारने दिला, तो स्वतंत्र भारतात नेमक्या त्या वेळी बाजूला ठेवला गेला, याची मला मनापासून चीड येते.

प्रश्नांचे हे, तर कायद्यांच्या छाननीचेही तसेच. परदेशी नागरिकांच्या येण्याजाण्याचे चार जुने कायदे रद्द करून त्यांच्या जागी एकच कायदा करणारे विधेयक ११ मार्च २०२५ ला मांडले गेले आणि २ एप्रिलपर्यंत दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. संसदेच्या समितीकडे ते गेलेच नाही. समिती काय करू शकते याचे उदाहरण हवे असेल तर ब्रिटनकडे पाहावे. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी संसदेच्या गृह समितीपुढे सांगितले, की लोकांना देशाबाहेर काढण्याची उद्दिष्टे ठरवलेली नाहीत. ती होती असे कागदांवरून निघाले आणि चारच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे हे होतच नाही असेही नाही. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत पुण्याच्या नीलम गोऱ्हे यांनी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न लावून धरला. तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांना सांगावे लागले, आणि गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कोयता घेऊन दर वर्षी घर सोडणाऱ्या बाईची मोजणी सभागृहात प्रश्न आल्यावरच झाली.

गोखल्यांची संस्था पुण्यात आजही आहे. तिच्या आवारात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले, आणि अहवालांनी भरलेले ते ग्रंथालय अजून अभ्यासकांच्या उपयोगी पडते. साधने कमी नाहीत. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी यादीत असतात, २३० लेखी उत्तरासाठी. आपल्या खासदाराने काय विचारले ते संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी ते वाचा. मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या, रेशनकार्ड गावाकडे ठेवून इथे आलेल्या माणसांबद्दल त्यात एकही प्रश्न नसेल, तर खासदाराला पत्र लिहा, आकडे जोडा, आणि प्रश्नाचा मसुदाही तुम्हीच करून द्या. सोलापूरच्या हेडमास्तरांनी गोखल्यांसाठी हेच केले होते.