सुरी एकच घ्या, वजनकाटा आधी घ्या: दिवाळी ते नाताळ, बेकिंगची खरेदी

(हा एपिसोडचा लिखित भाग. ऐकताना सुटलेले आकडे इथे सापडतील. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

[००:००] मुद्दा काय आहे

दिवाळी जवळ आली की फोनवर दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एकीकडे नानकटाईचे रील्स, दुसरीकडे सेलची नोटिफिकेशन्स. '२४ नगांचा बेकिंग सेट', 'सहा सुऱ्या, लाकडी स्टँड फ्री'. आणि हे पार नाताळपर्यंत चालू राहतं.

आता समजा, नोकरी नवीन आहे, खोली भाड्याची आहे, ओटा हातभर आहे आणि यंदा घरच्यांसाठी स्वतःच्या हातचं काहीतरी भाजून न्यायचंय. पैसे मोजके. मग ते कशावर घालवायचे?

उत्तर आधीच सांगून टाकते. ज्या वस्तूमुळे माप बरोबर येतं आणि ज्या वस्तूला धार लागते, त्यावर खर्च करा. बाकी बरंचसं घरातल्या ताट-वाटी-झाऱ्यात होतं. का, ते एकेक करून बघू.

[०१:१०] वजनकाटा: वाटीचा घोळ

सॉफ्टवेअरवाल्यांना एक किस्सा पाठ असतो. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापर्यंत पोहोचलं आणि तिथेच गमावलं गेलं. कारण काय, तर एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. आकडे होते, एककं जुळत नव्हती.

रेसिपीतला 'एक कप' हा अगदी याच जातीचा घोळ आहे. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटर. ऑस्ट्रेलियन कप २५०. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २०. आणि आपल्याकडची वाटी? वाट्टेल ती!

बरं, कप एकच धरला तरी मैदा दाबला जातो. चमच्याने हलकेच भरला तर कपात साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांच्या रेसिपीत एकाचे २४० ग्रॅम होतात, दुसऱ्याचे ३००. म्हणजे मैदा थेट २५ टक्के जास्त. मग केक कोरडा झाला की आपण म्हणतो, 'ओव्हनच खराब आहे.'

नानकटाईत हे आणखी पटकन दिसतं, कारण तिथे सगळा खेळ मैदा आणि तुपाच्या प्रमाणाचा आहे. मैदा कमी पडला तर तूप वितळल्यावर गोळे पसरून पोळी होते. मैदा जास्त झाला तर भेगा पडतात आणि खाताना पीठ-पीठ लागतं.

म्हणून पहिली खरेदी डिजिटल वजनकाटा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंत झेपणारा आणि 'टेअर'चं बटण असलेला. हे बटण दाबलं की भांड्याचं वजन शून्य होतं. एकाच पातेल्यात मैदा, शून्य, साखर, शून्य, तूप. घासायला भांडीही कमी! फक्त बेकिंग सोडा, मीठ, वेलची यांच्यासाठी मापाचे चमचे ठेवा, कारण एक-दोन ग्रॅमला स्वयंपाकघरातला काटा नीट पकडत नाही.

[०३:२५] ओव्हन: डायलवर विश्वास ठेवू नका

पूर्वी दिवाळीत बऱ्याच घरांतून मैदा, तूप, साखर बेकरीत नेऊन द्यायचे आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे. काही गावांत अजूनही ही पद्धत आहे. तिथे भट्टी किती तापली हे बेकरीवाल्याला अनुभवाने कळतं. आपल्याकडे असतो ओटीजी, आणि त्याच्या डायलवर छापलेलं १८०.

डायल म्हणजे मोजमाप नाही, ती फक्त सूचना आहे. आतला थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करत राहतो, त्यामुळे तापमान सतत वर-खाली होतं. छोट्या ओटीजीत रॉड केकच्या फार जवळ असतात, म्हणून वरचा भाग करपतो आणि मधला कच्चा राहतो.

यावर उपाय म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर. मधल्या जाळीवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं ओव्हन तापू द्या आणि मग वाचा. डायल १८० म्हणतो आणि काटा १६० दाखवतो? तर आजपासून तुमचं १८० म्हणजे डायलवरचं २००.

थर्मामीटर नसेल तर साखर वापरा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घ्या, ओव्हन १७५ वर नीट तापवून पंधरा मिनिटं आत ठेवा. ती वितळता कामा नये. मग नवी साखर घेऊन हेच १९० वर करा. आता वितळायला हवी. उलटं झालं तर डायल खोटं बोलतोय. वितळलेली साखर चटका जबरदस्त देते, तेव्हा वाटी पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका.

तापमान हे केवढं मोठं काम आहे, हे गोव्याच्या बेबिंकाकडे बघितलं की कळतं. नारळाचं दूध, अंड्याचं पिवळं, साखर, मैदा आणि तूप. एक थर ओतायचा, तो भाजून रंगला की त्यावर पुढचा. असे सात, कधी सोळापर्यंत थर. पारंपरिक पद्धतीत उष्णता वरून देतात, झाकणावर निखारे ठेवून. ओटीजीत तेच काम वरच्या रॉडने होतं. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्या यादीत जाणारा पदार्थ मुळात झाकण, निखारे आणि धीर यांवर होत आलाय, २४ नगांच्या सेटवर नाही.

[०५:५०] केकचं भांडं: साधं आणि फिकट

ॲल्युमिनियमचं साधं, जाडसर, फिकट रंगाचं भांडं घ्या. ॲल्युमिनियम उष्णता पटकन आणि सगळीकडे सारखी पोहोचवतं. काळं भांडं रॉडची उष्णता जास्त शोषतं, त्यामुळे कडा आधी करपतात. काचेचं भांडं उशिरा तापतं आणि उशिरा गार होतं.

आकार बदलताना फक्त इंच मोजू नका. गोल भांड्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ८ इंचाचे ६४, ६ इंचाचे ३६. म्हणजे ८ इंची रेसिपी ६ इंची भांड्यात करायची तर साहित्य निम्म्याहून थोडंच जास्त लागतं, पाऊणपट नाही. सगळं ओतलंत तर उरलेला केक ओटीजीच्या तळाशी सापडेल!

[०६:४०] सुरी: सहा नकोत, एक हवी

आता सुरी. सुकामेवा चिरायचा, चॉकलेट तासायचं, टुटीफ्रुटी बारीक करायची. पाहुणे यायच्या आदल्या रात्री अकरा वाजता, घाईत. बोट कापायला याहून चांगला मुहूर्त नाही.

लोकांना वाटतं धारदार सुरी धोकादायक. प्रत्यक्षात बोथट सुरी जास्त घात करते. धार बारीक असली की थोड्या जोरात काप जातो. बोथट झाली की आपण जोर वाढवतो, सुरी बदामावरून घसरते आणि तो सगळा जोर बोटावर येतो.

आपल्या घरांत शतकानुशतकं विळी होती. विळीचं पातं स्थिर आणि भाजी हलते. सुरीचं उलट, भाजी स्थिर आणि पातं हलतं. म्हणून सुरीला घट्ट फळी आणि नीट पकड लागते. फळीखाली ओला रुमाल घाला, ती सरकणार नाही. फळी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेवर चिरलं की धार तिथेच मरते.

दुकानात काय बघायचं?

पहिलं, लांबी. २० सेंटिमीटरची शेफ नाइफ सगळ्या कामाला चालते. ओटा लहान असेल तर १६-१८ सेंटिमीटरची सांतोकू.

दुसरं, पकड. अंगठा आणि तर्जनीने पात्याचा मागचा भाग चिमटीत धरा आणि उरलेली तीन बोटं मुठीला. पातं फळीवर टेकवल्यावर बोटं फळीला आपटतात का? आपटत असतील तर ती सुरी तुमची नाही, मग कितीही सुंदर असो.

तिसरं, कडकपणा. हा रॉकवेल स्केलवर मोजतात, खोक्यावर 'एचआरसी' लिहिलेलं असतं. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८, जपानी ६० आणि पुढे. जास्त कडक म्हणजे धार जास्त दिवस टिकते, पण पातं ठिसूळ होतं. आपल्याकडे सुरीवर काय काय येतं? चिक्की, गुळाचा खडा, फ्रीझरमधून आत्ताच काढलेलं काहीतरी. अशा ठिकाणी ठिसूळ धारेचे टवके उडतात. म्हणून पहिली सुरी ५६-५८ वाली घ्या. ती लवकर बोथट होईल, पण घरच्या घरी परत धार धरेल. नारळ मात्र कुठल्याच सुरीने फोडू नका, त्याला कोयता आहे.

आता जाहिरातीतले शब्द. 'स्टेनलेस' म्हणजे पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम. गंज कमी लागतो, धारेबद्दल तो शब्द काही सांगत नाही. 'जर्मन स्टील' म्हणजे सुरी जर्मनीत बनली असं नाही. 'झोलिंगेन' हे नाव मात्र वेगळं. या जर्मन शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, तिथे बनलेल्या वस्तूवरच ते लावता येतं. 'दमास्कस'ची लाटांची नक्षी स्वस्त सुऱ्यांवर बऱ्याचदा लेसरने काढलेली असते. कापतं ते आतलं पोलाद, नक्षी नाही. आणि 'सर्जिकल स्टील' या शब्दाला ठराविक अर्थच नाही.

[०९:२०] धार: सुरीचा मेंटेनन्स

सुरी घेतली, काम संपलं असं नसतं. वापरून धार आधी एका बाजूला वळते. ती सरळ करायला लोखंडी कांब मिळते, तिला होनिंग रॉड म्हणतात. दर आठवड्याला चार-पाच हलके हात पुरतात. धार खरंच झिजली की मग दगड. १००० ग्रिटचा दगड पाण्यात भिजवा आणि सुरी साधारण १५ ते २० अंशांवर धरून घासा. अंश मोजायचे कसे? सुरी उभी धरली की ९०, निम्मी वाकवली की ४५, परत निम्मी केली की साडेबावीस. त्याहून किंचित खाली.

दगड नाही? चहाचा सिरॅमिक मग उलटा करा. बुडाची खरखरीत, चकचकीत नसलेली कड दिसेल. त्यावर त्याच कोनात सुरी ओढा. सणाच्या दिवशी एवढं भागतं.

चाकावर धार लावणारे काका गल्लीत येत असतील तर जरूर लावून घ्या, पण पातं मध्येमध्ये पाण्यात बुडवायला सांगा. कडेला निळसर रंग आला म्हणजे तिथलं पोलाद तापून मऊ पडलं. मग धार टिकत नाही.

आणि दोन नियम. फेसाच्या पाण्यात सुरी बुडवून ठेवायची नाही, पुढच्या माणसाला ती दिसत नाही. सुरी हातातून सुटली तर झेलायची नाही, पाय मागे घ्यायचे. सुरी पुन्हा मिळेल.

[१०:४०] कापायची वेळ

प्लम केक आणि स्पंज यांना दातेरी ब्रेड नाइफ लागते. दाबायचं नाही, करवतीसारखी पुढे-मागे चालवायची. बेबिंकाचं उलटं. ती पूर्ण गार करायची, मग गुळगुळीत धारेच्या सुरीने सरळ खाली काप घ्यायचा आणि प्रत्येक कापानंतर पातं पुसायचं, म्हणजे थर दिसतात. नॉनस्टिक भांड्यात केक ठेवून कापू नका, लेप खरवडला जातो. आधी फळीवर काढा.

[११:२०] तर खरेदी या क्रमाने

१. वजनकाटा आणि मापाचे चमचे.
२. ओव्हनचा थर्मामीटर.
३. ॲल्युमिनियमचं एक भांडं, तुमच्या नेहमीच्या रेसिपीच्या मापाचं.
४. एक शेफ नाइफ, लाकडी फळी आणि १००० ग्रिटचा दगड. दगडाचे पैसे सुरीच्या बजेटमध्येच धरा. धार न लावता महागडी सुरी वापरण्यापेक्षा, धार लावलेली साधी सुरी केव्हाही बरी.
५. दातेरी सुरी, केक वरचेवर करणार असाल तरच.

पहिले दोन नग सेटमधल्या कुठल्याही दोन सुऱ्यांपेक्षा स्वस्त पडू शकतात आणि पहिल्याच केकला उपयोगी पडतात. पैसे कमी असतील तर यादीत जिथे थांबावं लागेल तिथे थांबा, उरलेलं पुढच्या दिवाळीला. पूर्वी बेकरीच्या भट्टीवरही नानकटाई होतच होती ना!

तुमच्या ओटीजीचा डायल किती अंश खोटं बोलतो, ते साखर ठेवून बघा आणि आम्हाला कळवा. आणि हो, पहिली नानकटाई आईला द्यायच्या आधी एक स्वतः खाऊन बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!