शाळेतील यंत्रांना हवा कारीगर

शाळा-कॉलेजांना यंत्रे विकणाऱ्यांची आज कमी नाही. प्रोजेक्टर, डिजिटल बोर्ड, माइक, अॅम्प्लिफायर, कॅमेरा घेऊन विक्रेते संस्थेच्या दारात उभे असतात. पण बसवलेला माल वर्षानुवर्षे चालता ठेवणारा माणूस मात्र शोधावा लागतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले. लूम घेतला की जॉबर लागतो, हे भिवंडी-मालेगावात लहान पोरालाही ठाऊक असते. शिक्षणसंस्था मात्र लाखोंचा माल घेतात आणि किल्ली शिपायाच्या हाती देऊन मोकळ्या होतात.

काम तसे जुने आहे. पूर्वी १६ मिलिमीटरची फिल्म चालवणारा, नंतर ओव्हरहेड प्रोजेक्टर सांभाळणारा माणूस मोठ्या कॉलेजांत असे. आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो तेव्हा, १५ ऑगस्ट १९८४ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. २००४ मध्ये इस्रोने खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला, तो २०१० पर्यंत चालला. २०२० च्या लॉकडाऊनने तर कॅमेरा आणि माइक थेट शिक्षकाच्या टेबलावर आणून ठेवले. यंत्रे बदलत गेली, पण धूळ, वायर आणि वीज या तीन दुखण्यांनी पाठ सोडली नाही.

धुळीचेच घ्या. आमच्या माहितीतील एका संस्थेत प्रोजेक्टर दहा मिनिटे चालून आपोआप बंद होई. विक्रेत्याने नवा दिवा आणि नवे सर्किट लागेल असे सांगून मोठा आकडा लिहून दिला. संस्थेजवळ तेवढा पैसा नव्हता, म्हणून प्रोजेक्टर दीड वर्ष कपाटात पडून राहिला. त्या दीड वर्षात विज्ञानाची मुले फळ्यावरच्या आकृत्या बघून परीक्षेला बसली. पुढे लग्नात माइकसेट लावणाऱ्या घरातल्या एका तरुणाने तो उघडला. हवेची जाळी धुळीने पूर्ण बुजली होती. आतली उष्णता वाढली की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते, एवढीच गोष्ट होती. अर्ध्या तासाची सफाई झाली आणि प्रोजेक्टर चालू झाला. या पोराजवळ कागदी सनद नव्हती, हुनर होते.

दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा साधारण दोन ते पाच हजार तास चालतो. लेझरच्या यंत्राचे आयुष्य वीस हजार तासांच्या घरात असते. किंमत विचारताना हा हिशोब आधी मांडावा. वर्ग संपला की थेट भिंतीचे बटण बंद करण्याची आपल्याकडे सवय आहे. दिव्याच्या जुन्या यंत्राला ती मारक ठरते, कारण पंखा मध्येच थांबतो आणि आतली गरमी आतच राहते. वारंवार वीज जाणाऱ्या गावात यूपीएस बसवणे दिव्याच्या पैशांपेक्षा स्वस्त पडते. या दिव्यात पारा असतो, म्हणून फुटलेला किंवा संपलेला दिवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये.

पडदा आणि यंत्र यांतील अंतर हा दुसरा विषय. यंत्राच्या कागदावर १.५ असा आकडा असेल, तर दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर अंतर लागते. आकडा ०.५ असेल, तर एका मीटरवर काम भागते. लहान वर्गात पहिले यंत्र घेतले, तर शिक्षकाची सावली तासभर पडद्यावर नाचते. टेप घेऊन मोजणारा माणूस खरेदीआधीच बोलवावा. एचडीएमआयची साधी वायर पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकू लागते. तेथे लॅनच्या वायरवरून चालणारी जोडपेटी लावतात.

आता आमच्या धंद्याशी जुळणारी गोष्ट. नव्या इमारतींत टाइल्स, काच आणि सिमेंट एवढे असते की आवाज घुमतो आणि मागच्या बाकावर शब्द कळत नाही. लोक मोठा अॅम्प्लिफायर घेतात, त्याने गोंधळच वाढतो. जाड कापडाचे पडदे खिडकीच्या दुप्पट रुंदीने, चुण्या घालून लावले तर घुमणे बरेच कमी होते आणि प्रोजेक्टरला हवा असलेला अंधारही मिळतो. गिऱ्हाईक वाढावे म्हणून आम्ही हे सांगत नाही, पण वाढले तर नाराजही होणार नाही! माइकची शिटी वाजते ती बहुधा माइक स्पीकरच्या तोंडासमोर आल्याने. लॅपटॉप जोडल्यावर घरघर येते, ती बऱ्याचदा अर्थिंगच्या घोटाळ्याने. काही कारीगर यावर प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. घरघर थांबते, पण मुलाला शॉक बसण्याची वाट मोकळी होते. असे करणाऱ्याला पुन्हा दारात उभे करू नये.

भिंतीवरचे मोठे टच-पॅनेल ५० किलोच्या आसपास भरते, म्हणून भिंत तपासूनच बसवावे लागते. कडेच्या पट्टीत धूळ साचली किंवा थेट ऊन पडले तर बोट न लावताच रेघा उमटतात. शिक्षक समजतात बोर्ड बिघडला, आणि नेहमी मऊ फडक्याने काम होते.

आपल्या समाजात रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, वायरिंग आणि साउंड सर्व्हिसचा हात असलेले तरुण पुष्कळ आहेत. दहावीला विज्ञान-गणित असेल तर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा कोर्स करता येतो. नोकरी बहुधा कंत्राटी मिळते आणि पगार बेताचा. पण एकट्या संस्थेची चाकरी करण्यापेक्षा आठ-दहा शाळांचे वार्षिक देखभालीचे काम घेणे आम्हाला अधिक बरे वाटते. करारात फेऱ्या किती, सुटे भाग कोणाचे, दिवा धरला आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे.

पैसे अडकण्याची भीती खरी आहे. त्यावर उपाय आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या लहान सेवा-व्यावसायिकाचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. उशीर झाला तर व्याज लागते. नोंदणी २०२० पासून उद्यम पोर्टलवर फुकट होते. आम्हा व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये नोंदणीची परवानगी मिळाली, पण ती कर्जाच्या सवलतीपुरती. उशिराच्या पैशांचे संरक्षण आम्हाला नाही, दुरुस्ती करणाऱ्याला आहे.

प्रत्येक यंत्रामागे एक वही ठेवावी. दिव्याचे तास, जाळीची सफाई, बिघाड आणि तारीख तिच्यात लिहावी. शाळा जूनमध्ये उघडतात आणि सफाई-तपासणी मे महिन्यात उरकावी लागते, तेव्हा ज्याला हे काम धरायचे आहे त्याने दरपत्रक मार्चअखेरीसच मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचवावे.