‘वार खाली आहे’ म्हणजे नेमके काय? भीतीपेक्षा तयारी मोलाची

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीचा अहवाल हाती पडतो. बाळाचे हृदय, मणका, हातपाय व्यवस्थित असल्याचे त्यात नमूद असते. मात्र शेवटी एक ओळ असते, ‘लो लाइंग प्लॅसेंटा’. डॉक्टर सांगतात, ‘वार थोडी खाली आहे’. एवढ्या शब्दांनी घरातले वातावरण पालटते. सासूबाई जिना चढण्यास मनाई करतात, आई फोनवरून ‘पलंगावरून उठू नकोस’ असे बजावते, डोहाळजेवण करावे की नाही याचा खल सुरू होतो. गर्भवतीच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत असतो : बाळ सुखरूप राहील ना?

बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. विसाव्या आठवड्यात खाली दिसणारी वार दहापैकी सुमारे नऊ जणींमध्ये प्रसूतीच्या वेळेपर्यंत गर्भाशयमुखापासून दूर गेलेली असते. पूर्ण दिवस भरताना वार खाली राहण्याचे प्रमाण दर दोनशे गर्भवतींमागे साधारण एक इतकेच आहे. तरीही त्या एका स्त्रीसाठी धोका खरा असतो आणि ती कोण असेल, हे विसाव्या आठवड्यात निश्चितपणे सांगता येत नाही. म्हणूनच हा अहवाल घाबरण्यासाठी नसतो आणि कपाटात ठेवून विसरून जाण्यासाठीही नसतो.

वार वर कशी सरकते?

वार आणि नाळ यांत पुष्कळदा गल्लत होते. नाळ ही बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी. तर वार हा गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव. आईच्या रक्तातील प्राणवायू व पोषणद्रव्ये वारेतून नाळेत आणि नाळेतून बाळाकडे जातात. गर्भ कोठे रुजला त्यावर वारेची जागा ठरते. बहुधा ती गर्भाशयाच्या वरच्या भागात असते. काही वेळा ती खालच्या भागात, गर्भाशयमुखाजवळ तयार होते.

वार स्वतः चालत वर जात नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन लांबतो. न फुगवलेल्या फुग्याच्या तोंडाजवळ शाईचा ठिपका दिला आणि फुगा फुगवला, तर ठिपका तोंडापासून दूर गेलेला दिसतो. तसेच येथे घडते. शिवाय वारेचा जो भाग चांगला रक्तपुरवठा असलेल्या वरच्या भिंतीवर असतो तो वाढत राहतो, तर खालची कडा हळूहळू विरळ होत जाते. मात्र वारेने गर्भाशयमुख पूर्ण झाकलेले असेल किंवा आधी सिझेरियन झालेले असेल, तर ती दूर जाण्याची शक्यता कमी होते.

आधीचे सिझेरियन वा गर्भाशयावरील अन्य शस्त्रक्रिया, पस्तिशीनंतरचे गरोदरपण, जुळी बाळे, कृत्रिम गर्भधारणा आणि धूम्रपान या कारणांनी वार खाली असण्याची शक्यता वाढते. अनेकींमध्ये यांपैकी एकही कारण नसते. जिना चढल्याने, दुचाकीवर बसल्याने किंवा घागर उचलल्याने वार खाली येत नाही. त्यामुळे ‘तुझेच काहीतरी चुकले असेल’ असा ठपका गर्भवतीवर ठेवण्यास काहीही आधार नाही.

वीस मिलिमीटरचे अंतर

वारेची खालची कडा आणि गर्भाशयमुखाचे आतले तोंड यांतील अंतर २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर वार खाली आहे असे म्हणतात. तिने तोंडच झाकले असेल, तर त्या अवस्थेला ‘प्लॅसेंटा प्रिव्हिया’ म्हणतात. या दोन स्थितींत मोठा फरक आहे. म्हणून ‘वार खाली’ एवढ्यावर न थांबता अंतर किती आणि तोंड झाकले आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

पुढील सोनोग्राफी साधारणपणे ३२व्या आठवड्यात होते. तेव्हाही वार खालीच असेल, तर ३६व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासणी केली जाते. अचूक अंतर मोजण्यासाठी योनीमार्गातून सोनोग्राफी करावी लागते. तिच्या नावाने अनेकजणी दचकतात. परंतु तपासणीची नळी गर्भाशयमुखाच्या आत जात नाही. वार खाली असतानाही ही तपासणी सुरक्षित असते आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा अधिक नेमकी असते.

रक्तस्राव झाल्यास

लक्षात ठेवण्याजोगे मुख्य लक्षण एकच : लालभडक रक्तस्राव, बहुधा कोणत्याही वेदनेविना. तो झोपेतही सुरू होऊ शकतो आणि पहिल्या वेळी आपोआप थांबूही शकतो. ‘दुखत नाही आणि थांबलेही आहे, सकाळी बघू’ हा विचार येथे घातक ठरतो, कारण पुढचा स्राव मोठा असू शकतो. स्राव थोडा असला तरी त्वरित रुग्णालय गाठावे. पोटात कळा येऊ लागल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तरीही तेच करावे.

रुग्णालयात पाऊल ठेवताच ‘वार खाली आहे’ हे प्रथम सांगावे. सोनोग्राफीतून वारेची जागा कळल्याखेरीज अशा स्त्रीची बोटांनी आतून तपासणी करायची नसते. तिने रक्तस्राव वाढू शकतो. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर तेही सांगावे, कारण स्रावानंतर अँटी-डी इंजेक्शनची गरज भासते. ३४ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागण्याची चिन्हे असतील, तर बाळाच्या फुप्फुसांच्या वाढीसाठी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते.

अंथरूण धरण्याने काय साधते?

घरोघरी पहिला उपाय होतो तो सक्तीच्या विश्रांतीचा. परंतु स्राव होत नसताना दिवसभर पडून राहिल्याने वार वर जाते किंवा रक्तस्राव टळतो, असा पुरावा नाही. उलट दीर्घकाळ पडून राहिल्यास पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू दुर्बळ होतात आणि मनही खचते. जड वजन, दमवणारा व्यायाम व शरीरसंबंध यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साधी घरकामे आणि फेरफटका सहसा थांबवावा लागत नाही.

याहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे रक्ताचे प्रमाण. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय मानला जातो. ज्या स्त्रीला रक्तस्राव होण्याची शक्यता आहे, तिच्या अंगात आधीच रक्त कमी असणे परवडणारे नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, त्या चहासोबत घेऊ नयेत. आपल्या गटाचे रक्त रुग्णालयात उपलब्ध होईल का, याची चौकशीही आधीच करावी.

माहेर दूर असेल तर

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडील रीत. गोव्यातील अनेक सुनांचे माहेर बेळगावला, सावंतवाडीला किंवा त्याहूनही दूर असते. सातव्या महिन्यानंतर चोर्ला घाटातून माहेरी जायचे का, हा निर्णय मुहूर्तावर नव्हे, तर ३२व्या आठवड्याच्या सोनोग्राफीवर सोडणे शहाणपणाचे. वार अजून खाली असेल, तर जेथे चोवीस तास शस्त्रक्रिया होते, रक्तपेढी आहे आणि नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आहे, अशा रुग्णालयाजवळ राहणे हिताचे. आईने लेकीकडे येऊन राहिल्यास रीतही सांभाळली जाते.

गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तसेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये आहेत. राज्य लहान असले, तरी सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावरून भर पावसात निघणे वेळखाऊ असते. काणकोणहून मडगावला येताना करमल घाट ओलांडावा लागतो. म्हणून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेखेरीज शेजारच्या एखाद्या वाहनाचीही सोय ठरवून ठेवावी. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त व वाहतूक विनामूल्य आहे.

प्रसूती कशी होईल?

३६व्या आठवड्यात वारेची कडा २० मिलिमीटरहून दूर असेल, तर नैसर्गिक प्रसूतीस सहसा अडसर राहत नाही. अंतर त्याहून थोडे कमी असेल, तर डॉक्टरांशी चर्चा करून निर्णय घेतला जातो. वारेने तोंड झाकले असेल, तर सिझेरियन अटळ ठरते. स्राव झाला नसल्यास ते बहुधा ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान, कळा सुरू होण्याआधी केले जाते. येथे सिझेरियन हा सोयीचा मार्ग नसून आई व बाळ दोघांचे प्राण राखण्याचा मार्ग असतो.

आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांनी विशेष दक्ष राहावे. जुन्या टाक्यांच्या जागी वार आली, तर ती भिंतीत खोल रुतू शकते आणि प्रसूतीनंतर सुटत नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वारेने तोंड झाकलेल्या आणि सिझेरियनला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी सुमारे ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११ टक्के व तिसऱ्या वेळी ४० टक्के आढळले. अशा प्रसूतीची आखणी मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवी आणि गर्भाशय काढावे लागण्याच्या शक्यतेविषयी पती-पत्नीशी आधीच मोकळेपणी बोलणे व्हायला हवे.

अहवालाची प्रत, रक्तगटाची नोंद आणि तपासणीचे कार्ड एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवावे. पुढच्या सोनोग्राफीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. रात्री-अपरात्री कोणाला हाक मारायची, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. एवढे झाले की डोहाळजेवणाचा बेत मोडण्याचे कारण उरत नाही.